नवीन आर५०, किट लेन्स आणि घरातले हललेले फोटो: शूटिंग ते एडिटिंग सगळं एकदाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कॅनन आर५० कॅमेरा घेतला, सोबत १८-४५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती झूम. गणपतीत घरच्या आरतीचे फोटो काढले तर अर्धे हललेले आणि उरलेल्यांत नॉईज (बारीक दाणे आणि रंगीत ठिपके), झेंडूच्या माळा म्हणजे नुसते केशरी डाग, पावसात घाटात गेलात तर आकाश पांढरं फटक, आणि बायको म्हणते माझ्या फोनचे फोटो याच्यापेक्षा चांगले आलेत. शिवाय एडिटिंग कशात करू, लॅपटॉप जुना आहे, आणि अजून एक लेन्स घेऊ का. सगळ्याचं उत्तर देतो, लांबेल, पण तुकड्यातुकड्यात सांगितलं तर उपयोग होत नाही याचा.

पहिली गोष्ट, वहिनी बरोबर बोलतायत. घरात, रात्री, किट लेन्सवर फोनचे फोटो चांगले येऊ शकतात आणि त्यात कॅमेऱ्याचाही दोष नाही आणि तुमचाही नाही, साधा हिशोब आहे. आर५०चा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३३० चौरस मिलिमीटर. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तुमचा साडेचार पट मोठा, ऐकायला छान वाटतं. पण फोनची लेन्स एफ/१.८ची असते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक म्हणजे ॲपर्चर मोठं) आणि तुमची किट लेन्स पूर्ण उघडली तरी एफ/४.५, म्हणजे तेवढ्याच जागेवर फोनची लेन्स सहा पट जास्त प्रकाश टाकते. साडेचार पट कमावले आणि सहा पट घालवले. त्यात तुम्ही झूम करून ४५ला गेलात की ॲपर्चर एफ/६.३ होतं, तिथे प्रकाश अजून निम्मा. आणि फोन एक फोटो काढतच नाही, बटण दाबलं की सात-आठ फ्रेम घेऊन त्या एकमेकांवर बसवतो, नॉईज पुसतो, चेहरे उजळतो, मग तुम्हाला दाखवतो. कॅमेरा एकच फ्रेम घेतो आणि आहे तशी देतो. ते बाकीचं काम तुमच्याकडे आलंय, आणि ते काम शिकलात की फोन पुन्हा जवळ येत नाही.

आता काम कुठून सुरू करायचं, तर शटर स्पीडपासून, म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडतो त्यापासून, १/१५ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. नवीन कॅमेरा घेतलेल्या जवळपास प्रत्येकाला आयएसओची, म्हणजे कॅमेऱ्याने फोटो किती उजळायचा त्या सेटिंगची, भीती असते, कुठेतरी वाचलेलं असतं की आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो, म्हणून ८०० वर लॉक करून ठेवतात आणि मग शटर १/१५ वर जातो आणि सगळे हलतात. नॉईज नंतर बराचसा काढता येतो. हललेला फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. आणि नॉईज मुळात आयएसओमुळे येत नाही, कमी प्रकाशामुळे येतो, त्यामुळे १६०० वर काळोखा काढून नंतर लॅपटॉपवर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट) उजळलेला फोटो आणि ६४०० वर बरोबर काढलेला फोटो, नॉईज जवळपास सारखाच दिसतो, उलट पहिल्यात रंग जास्त विचित्र होतात. आर५० वर ३२०० पर्यंत अजिबात विचार करू नका, ६४०० एडिट करून मस्त चालतो, १२८०० अडीनडीला.

म्हणून घरात डायल टीव्ही (Tv, शटर प्रायॉरिटी) वर ठेवा. शटर तुम्ही द्यायचा, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा १२८००. कमी प्रकाशात लेन्स आपोआप पूर्ण उघडतेच, त्यामुळे ॲपर्चरची काळजी करायला लागत नाही. आरतीत उभी असलेली माणसं १/१२५, टाळ्या वाजवणारे हात आणि नाचणारी पोरं १/२५०. विसर्जनात ढोलवाल्यांचे हात थांबवायचे असतील तर १/५०० आणि टिपऱ्यांची हालचाल दिसायला हवी असेल तर मुद्दाम १/४०, पण त्या वेळी ढोलवाल्याचा चेहरा स्थिर असलेला क्षण पकडावा लागतो, म्हणून पाच-सहा काढा. किट लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे पण तो तुमचा हात हलला तर सांभाळतो, समोरचा हलला तर त्याचा काही उपयोग नाही, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. आणि आर५०च्या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन नाही, पुढे लेन्स घेताना हे लक्षात ठेवा.

एलईडीच्या माळा आणि स्वस्त एलईडी दिवे असले की फोटोत आडवे काळसर पट्टे येतात, तुम्हाला ते एक-दोन फोटोंत दिसले असतील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून अशा खोलीत शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. आणि सायलेंट शटर बंद करा, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक न ठेवता इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन ठेवा. देवघरात आवाज नको म्हणून लोक सायलेंट लावतात आणि सगळे फोटो पट्ट्यापट्ट्यांचे येतात.

आता प्रकाश. समईची ज्योत २००० केल्विनच्या आसपास (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), पिवळा बल्ब २७००, पांढरी ट्यूब ६०००-६५००, आणि मखराला निळी-जांभळी माळ. एवढे चार प्रकारचे दिवे एका चेहऱ्यावर पडले की जगातला कुठलाही व्हाइट बॅलन्स (प्रकाशाचा रंग सुधारणारं सेटिंग) ते सोडवू शकत नाही, अर्धा गाल निळा अर्धा पिवळा. यावर उपाय एडिटिंगमध्ये नाही, स्विचबोर्डवर आहे. आरतीच्या आधी ट्यूब बंद करायला सांगा, पिवळे दिवे आणि समई राहू द्या, निळी माळ मूर्तीच्या मागे असली तर चालेल पण समोरून चेहऱ्यावर पडत असेल तर पाच मिनिटं बंद ठेवा. घरचे ऐकतात, आणि खरं सांगू का, आरतीसुद्धा जास्त छान वाटते. कॅमेऱ्याचा बिल्ट-इन फ्लॅश उघडू नका, समोरून फ्लॅश मारला की समईचा सगळा प्रकाश पुसला जातो, आणि तो प्रकाश दिसावा म्हणूनच तर फोटो काढायचा. दिवसा मूर्तीचे फोटो काढणार असाल तर खिडकी मूर्तीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला येईल असं मखर बसवा, पुढच्या वर्षी आरास ठरवतानाच हे बघून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

झेंडूचे डाग का झाले ते सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रॉब्लेम प्रत्येक सणात येतो, शेंदूर, गुलाल, भगव्या पताका, लाल नऊवारी, जास्वंद, सगळं लाल-केशरी. फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात आणि अशा रंगांत लाल चॅनल बाकीच्यांच्या खूप आधी भरून वाहायला लागतो. तुम्ही बघता तो साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे सगळ्यात उजळ) सरासरीसारखा असतो, तो म्हणतो सगळं ठीक आहे, आणि तिकडे पाकळ्यांचा सगळा बारकावा गेलेला असतो. फोटो बघताना इन्फो बटण दाबून आरजीबी हिस्टोग्राम असलेला स्क्रीन आणा, लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला की एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) -२/३ करा, पुन्हा काढा. आणि पिक्चर स्टाईल न्यूट्रल वर ठेवा. तुम्ही रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असलात तरी. कारण कॅमेरा हिस्टोग्राम रॉवरून दाखवत नाही, आतल्या जेपेगवरून दाखवतो, आणि स्टँडर्ड स्टाईलमध्ये रंग मुळातच वाढवलेले असतात. न्यूट्रलमध्ये स्क्रीनवर फोटो फिका दिसतो, घाबरू नका, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ जातो.

उलटं पण लक्षात ठेवा. वारीत गेलात, समोर सगळे पांढऱ्या सदऱ्या-धोतरातले वारकरी, तर कॅमेऱ्याला वाटतं खूप उजेड आहे आणि तो सगळं राखाडी करतो, चेहरे काळे पडतात. तिथे +१/३ ते +२/३. कॅमेऱ्याचं मीटर फ्रेममधलं सगळं मधल्या उजेडाला आणायला बघतं, समोर काय आहे ते दरवेळी त्याला ओळखता येत नाही, ते तुम्ही सांगायचं.

फोकसचं फार नाही. माणसं असतील तर सर्व्हो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस) आणि सब्जेक्ट डिटेक्शन पीपल वर, डोळा ऑन, आर५० हे काम खरोखर सुंदर करतो. फक्त मूर्तीचा फोटो काढताना ते बंद करून सिंगल पॉइंट घ्या आणि मूर्तीच्या डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा मागे बसलेल्या काकांचा चेहरा पकडतो. बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) गरज असेल तेव्हाच, रॉमध्ये सेकंदभरात बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा अडकून बसतो. आणि कार्ड महागातलं यूएचएस-२ घेऊ नका, आर५०चा स्लॉट यूएचएस-१ आहे, जास्तीच्या पैशाचा कॅमेऱ्यात काहीच फायदा नाही.

घाटातलं आकाश. पावसाळ्यात ढगाळ आकाश खरोखरच पांढरं असतं, त्यात निळं काही लपलेलं नाही जे एडिट करून बाहेर येईल. ढगांना आकार असेल तर तो मात्र वाचवता येतो, त्यासाठी एव्ही मोड (Av, ॲपर्चर तुम्ही द्यायचं), एफ/८, आयएसओ १००, कॉम्पेन्सेशन -२/३ किंवा -१, म्हणजे आकाश जळत नाही, आणि खालची दरी काळी वाटली तरी रॉमधून दोन स्टॉप आरामात वर येते. उलटं होत नाही, जळलेलं आकाश परत येत नाही. ढगांना आकारच नसेल तर सरळ आकाश कमी घ्या, फ्रेमच्या वर पातळ पट्टी किंवा अजिबात नाही, आणि डोंगर, धबधबा, भातखाचरं, ओला कातळ यांनी फ्रेम भरा. एफ/११च्या पुढे जाऊ नका, या सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे (लेन्सचं भोक फार लहान झालं की प्रकाश पसरतो) सगळं मऊ पडायला लागतं, लोक एफ/२२ लावतात आणि लेन्सला दोष देतात.

एक वस्तू मात्र जरूर घ्या, ४९ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर फिल्टर, किट लेन्सला तोच साईज लागतो. ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चमक असते, त्यामुळे हिरवा रंग फिका दिसतो. पोलरायझर फिरवला की ती चमक जाते आणि आतला खरा रंग दिसतो, हे काम कुठल्याच ॲपमध्ये होत नाही कारण चमकेखालचा रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो. एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो तेवढं लक्षात ठेवा, घरात काढून ठेवा.

आता एडिटिंग. रॉ काढा, सी-रॉ निवडा, साध्या रॉच्या साधारण निम्म्या जागेत बसतो आणि रोजच्या फोटोत फरक दिसत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट आहे, जरा संथ आहे पण कॅननचे रंग जसेच्या तसे देतं. रॉथेरपी आणि डार्कटेबल ही पण फुकट, नवीन आवृत्ती घ्या म्हणजे आर५०च्या फाइल उघडतील, त्यातलं डार्कटेबल जुन्या मशीनवर जड जातं आणि शिकायला वेळ लागतो. फोनवरचं लाइटरूम फुकटात जेपेगसाठी चांगलं, रॉ आणि मास्कसाठी (फोटोच्या एका भागापुरतं एडिट) पैसे भरावे लागतात. आणि लॅपटॉप उघडायचाच नसेल तर कॅमेऱ्यातच प्लेबॅक मेनूत रॉ प्रोसेसिंग आहे, ब्राइटनेस, व्हाइट बॅलन्स, पिक्चर स्टाईल बदलून नवीन जेपेग बनवता येतो. घरच्या अल्बमपुरतं कितीतरी वेळा एवढंच पुरतं.

कशातही करा, आधी निवडा. दोनशे फोटो काढलेत तर वीस ठेवा, बाकीच्यांवर एक मिनिट घालवू नका. मग व्हाइट बॅलन्स, मग एक्सपोजर, मग हायलाइट खाली, शॅडो थोडी वर, आणि लगेच ब्लॅक थोडे खाली, कारण नुसत्या शॅडो उचलल्या की फोटोला राखाडी पाणी सुटतं. समईच्या फोटोत व्हाइट बॅलन्स पूर्ण दुरुस्त करू नका. पांढरं पांढरं दिसेपर्यंत ओढलंत तर ती देवघराची खोली राहत नाही, ऑफिस होतं. थोडा पिवळा ठेवायचाच. कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्सचे दोन प्रकार आहेत, ॲम्बियन्स आणि व्हाइट प्रायॉरिटी, सणाच्या फोटोंना ॲम्बियन्स.

झेंडूसाठी सॅच्युरेशन वाढवायचं नाही, कमी करायचं. एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायचं पॅनल) लाल आणि केशरी सॅच्युरेशन १०-१५ खाली, ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, पण थोडा खाली, पाकळ्या एकेक सुट्या दिसायला लागतात. जेपेगमध्ये गेलेला लाल परत येत नाही, रॉमध्ये बऱ्याचदा शिल्लक असतो.

सह्याद्रीचा हिरवा हा वेगळाच विषय आहे आणि मला त्याबद्दल फार वाटतं, कारण इतका सुंदर रंग आणि नव्वद टक्के फोटोत तो प्लास्टिकचा केलेला असतो. गवत डोळ्याला हिरवं दिसतं पण सॉफ्टवेअरच्या हिशोबात ते बहुतेक वेळा पिवळ्या स्लायडरमध्ये असतं, लोक हिरवा स्लायडर ओढत बसतात आणि काही होत नाही, मग सगळ्या फोटोचं व्हायब्रन्स +६० करतात. पिवळा आणि हिरवा वेगवेगळे हाताळा. जवळचं भाताचं रोप पिवळसर पोपटीच असू द्या, ते तसंच असतं, लांबचं जंगल निळसर गडद हिरवं असू द्या, तेही तसंच असतं. दोन्ही एकाच रंगावर आणलेत की डोंगराची खोली संपली. सॅच्युरेशन दोन्हींचं थोडं कमी, ल्युमिनन्स थोडा कमी, बस. आणि डिहेझ नको. पावसाळ्यात घाटात आपण धुकं बघायलाच जातो, डिहेझ ओढून ते धुकं काढून टाकलं तर मग तो फोटो मेमध्येच काढायचा ना.

माणसांच्या रंगाबद्दल पण मनापासून सांगतो. फोन चेहरे उजळतो, गुळगुळीत करतो, आणि आता आपल्या डोळ्याला त्याची सवय लागलीय, त्यामुळे कॅमेऱ्यातला खरा चेहरा काळपट वाटतो. तो काळपट नाही, तो तसा आहे. सावळ्या रंगात प्रकाशाचे जे बारीक टप्पे असतात, कपाळावर, गालाच्या हाडावर, ते गोऱ्या केलेल्या चेहऱ्यात नाहीसे होतात. केशरीचा ल्युमिनन्स वाढवून आजीला गोरं करू नका, तिच्या सुरकुत्यांवर टेक्स्चर उणे करू नका. चेहरा खरंच अंधारात असेल तर मास्क लावून अर्धा स्टॉप एक्सपोजर द्या, रंगाला हात लावू नका. तिला बघणारे लोक तिला ओळखतात, त्यांना तीच दिसली पाहिजे.

नॉईज शेवटी. साध्या नॉईज रिडक्शनमध्ये कलर नॉईज पूर्ण घालवा, तो वाईट दिसतो, ल्युमिनन्स नॉईज थोडा राहू द्या, प्रिंटमध्ये दिसत पण नाही. अडोबीनं २०२३मध्ये एआय डीनॉईज आणलं, ६४००चे फोटो त्यात थक्क करतील इतके साफ होतात, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, तुमच्या लॅपटॉपवर एकेका फोटोला काही मिनिटं जातील, म्हणून निवडलेल्या चार-पाच फोटोंनाच. पाठवताना जेपेग एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), मोठी बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर एवढं केलेलं सगळं दाबून टाकतं. प्रिंटला मात्र पूर्ण साईज द्या, ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे २० बाय १३ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला आरामात निघते. एक तरी काढा.

कोकणात किंवा घाटात नेणार असाल तर आर५० वेदर सील्ड नाही, भिजवू नका, आणि घरी आल्यावर कापडी बॅगेत कोंडून ठेवू नका. दमटपणानं लेन्सला आतून बुरशी लागते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा हायग्रोमीटर, आत ४०-५० टक्के आर्द्रता राहिली की झालं. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं बॅगेतच राहू द्या, नाहीतर लगेच काचेवर वाफ धरते.

आणि लेन्स. हो, घ्या, पण दुसरी झूम नको. आरएफ ५० एफ/१.८ वीस हजारांच्या आत-बाहेर मिळते, किट लेन्स ४५ला एफ/६.३ असते त्याच्या बारा पट प्रकाश घेते, म्हणजे जिथे आयएसओ १२८०० लागत होता तिथे हजारच्या आसपास. फोन मागे पडतो तो इथे. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते, फ्लॅटच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला लागते, एकट्याच्या पोर्ट्रेटला सुंदर, सगळ्या घराच्या आरतीला अडचणीची. घरातल्या फोटोंसाठी आरएफ २८ एफ/२.८ ही चपटी लेन्स किंवा सिग्माची ३० एफ/१.४ जास्त कामाची, सिग्मानं २०२४पासून या कॅमेऱ्यांसाठी लेन्स आणायला सुरुवात केलीय. या तिघींतही स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे वरचे शटर स्पीड पाळायचेच. घरात कोणाच्या जुन्या कॅनन डीएसएलआरची ५० एफ/१.८ पडलेली असेल तर माउंट ॲडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालते, आधी ती शोधा.

यातली कुठली घ्यायची ते तुमचेच फोटो सांगतील. आत्तापर्यंत काढलेल्यांतले आवडलेले पन्नास-एक फोटो वेगळे काढा, प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्सवरचा १८ ते ४५मधला आकडा) लिहिलेली असते ती बघत जा. बहुतेक ४०-४५ला काढलेले निघाले तर ५०, बहुतेक २४ ते ३५च्या मधले निघाले तर २८ किंवा ३०. आणि सगळे १८लाच निघाले तर यातली एकही घेऊ नका, मला तेच फोटो दाखवा, मग आरएफ १६ एफ/२.८बद्दल बोलू.